आत्याचं अल्बुमिन

आमच्या गावात कुणी आजारी पडलं की आधी निरोप आत्याकडे जायचा, मग डॉक्टरकडे. डॉक्टरनं गोळ्या द्याव्यात, सुई टोचावी, त्याबद्दल आत्याचं काही म्हणणं नसे. पण त्या गोळ्यांबरोबर काय खायचं, हे सांगायचा हक्क तिचा एकटीचा. आणि तिचं उत्तर ठरलेलं. डाळ नको, वातूळ असते. दही नको, थंड पडतं. वांगं खाजरं, भात चिकट, पोळी जड. आणि अंड्याचं तर नावच काढायचं नाही, ते गरम, ताप थेट डोक्यात जातो.

"मंग आजारी मानसानं खावं तरी काय वं आत्या?" मी एकदा वैतागून विचारलं.

"साबुदान्याचं पानी," ती म्हणाली. "अन् चाहा-टोस. पोटाले आराम भेटला पाह्यजे."

आता ही बाई अंड्याच्या विरोधात होती असं समजू नका. धडधाकट माणसाला ती अंड्याचा रस्सा असा वाढायची की ताटाच्या काठावरून ओघळ यायचा. नको म्हणालं तर वरून आणखी एक अंडं टाकायची. पण तुमचं कपाळ जरा कोमट लागलं, की तीच बाई ताटातलं अंडं उचलून घ्यायची. मी याला उपासमार म्हणायचो आणि ती मला "लय शाना झाला बे मास्तर" म्हणायची. मी बुलढाण्याला शाळेत गणित शिकवतो. पोरांवर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की मी प्रेमानं बोललो तरी समोरच्याला वाटतं, याला झालंय तरी काय.

माझी आई मी अगदी लहान असताना गेली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, तिला गावातच दिलेली, घर आमच्या घरामागंच. मला खाऊ घालणं, बदडणं, शाळेत ढकलणं हे सगळं तिनं केलं. म्हणून तर मी तिच्याशी इतका भांडायचो. इतक्या हक्कानं भांडायला मला दुसरं कुणी नव्हतंच.

मागच्या हिवाळ्यात, कापसाच्या वेचण्या चालू असताना, आत्याला खोकला झाला. ताप आला. तिनं लगेच स्वतःवर स्वतःचा कायदा लागू केला. साबुदाण्याचं पाणी, चहा, टोस. गावातला माझा चुलत भाऊ मला रोज फोनवर खबर द्यायचा. हा आमचा मोठा दादा, मोठा म्हणजे वयानं, बाकी काही विचारू नका.

"खोकला हाये अजून," तो म्हणायचा, "पन तब्येत एक नंबर झाली बाप्पा! अंग भरलं आत्याचं. गाल पाह्य कसे गरगरीत झाले. बांगड्या निंघून नाई राह्यल्या हातातून!"

बघायला येणाऱ्या बायाही हेच म्हणायच्या. आजारपण मानवलं हो तुम्हाला, म्हणायच्या. आणि आत्या धापा टाकत टाकत खूश. पथ्याचा गुण आला म्हणे. शेजारच्या दोन बायांनी तर आजारी नसतानाच तिचा साबुदाणा चालू केला, म्हटलं आपलंही अंग भरलं तर भरलं.

रविवारी मी गावी गेलो. आत्या खाटेवर टेकून बसलेली, तोंड असं फुगलेलं की डोळे कुठं आहेत ते शोधावं लागत होतं. मी नेहमीसारखा पाया पडायला वाकलो, आणि माझा अंगठा तिच्या पावलात रुतला. रुतला म्हणजे खरंच रुतला. मी हात काढला तरी तिथं खड्डा तसाच राहिला. मळलेल्या कणकेत बोट घालावं तसा.

"हे काय हाये?" मी ओरडलो.

"आशीर्वाद दे म्हनायच्या आंधी बोंबलून काऊन राह्यला?" आत्या म्हणाली, आणि तेवढं बोलून तिला दम लागला. ओठ निळे पडले.

मी दादाला गाडी काढायला लावली आणि तिला बुलढाण्याला एका दवाखान्यात आणलं. संध्याकाळ व्हायच्या आत ती आयसीयूत होती आणि तिच्या तोंडात नळी होती. आयुष्यात पहिल्यांदा आत्या गप्प होती. मला ते अजिबात सहन होईना. मी काचेतून तिच्याकडे बघत उभा राहिलो, नर्सनं हटकेपर्यंत.

डॉक्टरीण बाई खामगावकडच्या. बोलायच्या अगदी पुस्तकी, शांत. त्यांनी दादाला आणि मला समोर बसवलं. न्यूमोनिया आहे, तो रक्तात पसरलाय, फुप्फुसं मशीनवर आहेत, असं सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि यांचं अल्बुमिन फार कमी आहे."

"ते काय असते?" दादा म्हणाला.

"रक्तातलं प्रोटीन. रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवायचं काम ते करतं. ते कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं आणि पायात, हातात, तोंडावर साठतं. एवढा मोठा आजार असला की ते कमी होतंच. त्यात यांच्या पोटात गेले कित्येक दिवस डाळीचा कणही नाही. चांगल्या माणसाचं साडेतीनच्या वर असतं, यांचं दोनच्याही खाली आहे. इतकं कमी असलं की आम्हाला भीती वाटते. असे पेशंट मशीनवरून लवकर उतरत नाहीत. काही उतरतच नाहीत."

दादा बराच वेळ विचार करत होता. जिन्यात आल्यावर म्हणाला, "साडेतीन म्हंजे पस्तीसच नं बे? पासिंगचे मार्क! आपली आत्या नापास हाये सध्या."

त्या माणसाला मी जिन्यातून ढकललं नाही, हे माझं त्या दिवसातलं सगळ्यात मोठं काम. पण त्यानं तोवर गावच्या ग्रुपवर टाकूनही दिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मला फोन सुरू झाले. मोताळ्याहून, डोणगावच्या भाचीकडून, कुठून कुठून. कुणी जयभीम घालून तब्येत विचारायचं नाही, थेट विषयाला हात. "पास झाली का आत्या?" अरे, रोज रोज तपासत नाहीत ते! आणि ते काही बाजारभाव नाही सकाळी वर आणि दुपारी खाली जायला, हळू चढतं ते. मी हे किती जणांना किती वेळा सांगितलं असेल! शेवटी वर्गात एका पोरानं गणित चुकवलं, तेव्हा मी त्याला "अजून दोनच्या खालीच आहेस" म्हणालो. सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला.

मग दादाला कुणीतरी सांगितलं की अल्बुमिनची बाटलीच मिळते, ती चढवली की झालं. आमच्या लोकांचा सलाईनवर जितका विश्वास आहे तितका जगात कशावरच नाही. साधं डोकं दुखलं तरी एक बाटली लावून घेतल्याशिवाय त्यांना दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही. दादा डॉक्टरीण बाईंच्या मागंच लागला. "चढवा नं म्याडम, लागन तेवढ्या चढवा!"

"अहो, बाटलीनं आकडा वाढेल चार दिवस," त्या म्हणाल्या. "पण पेशंट बरा होईलच असं नाही. यांना सध्या त्याची गरज नाही. आजार आटोक्यात आला आणि पोटात प्रोटीन गेलं, की शरीर स्वतःच बनवेल. ते आम्ही नाकातल्या नळीतून देतोय."

मी दादाला बाजूला घेऊन माझ्या भाषेत समजावलं. म्हटलं, पोराच्या पेपरवर मी दोनाचे साडेतीन करून ठेवले, तर त्याला गणित येतं का?

"येत नाई," दादा म्हणाला, "पन पास तं होते नं बे!"

प्रोटीन कमी आहे ही बातमी एकदा गावात पोहोचल्यावर भेटीला येणाऱ्यांची तऱ्हाच बदलली. आधी आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे बिस्किटाचा पुडा आणि मोसंबी. आता येईल तो अंडी घेऊन येऊ लागला. आयसीयूतल्या बाईला, जिच्या तोंडात नळी, नाकात नळी! गावरान अंडी, उकडलेली अंडी, रुमालात बांधलेली, डब्यात भुशात ठेवलेली. बाकाखाली ठेवायला जागा पुरेना. वॉचमन आणि दुसऱ्या पेशंटांचे नातेवाईक आठवडाभर आमची अंडी खात होते. त्यांचं सगळ्यांचं अल्बुमिन नक्की वर गेलं असणार.

आणि वडनेर भोलजीहून आमचे एक लांबचे काका आले, ते तर कोंबडीच घेऊन. जिवंत! खताच्या पिशवीत घातलेली, नुसती मान बाहेर. "म्हनलं शिळं अंडं कायले," ते म्हणाले. "लागन तवा ताजं घेजा." ती कोंबडी आयसीयूच्या दारात जी ओरडायला लागली, ती थांबेचना. आतून नर्स धावत आली, वॉचमन धावत आला, आणि काका शांतपणे तिला चुचकारतायत, "चूप वं, चूप, पेशंट झोपले." शेवटी माझ्या बायकोनं ती पिशवी स्कूटीच्या हँडलला लटकवून घरी नेली. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ती कोंबडी महिनाभर राहिली. एक अंडं दिलं असेल तर शपथ.

हे सगळं चाललेलं असताना मी हसायचोही. काय करणार? पण दिवसातून दोनदा आत सोडायचे, तेव्हा आत्याच्या हाताला हात लावला की तो पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखा लागायचा आणि माझं सगळं हसू आतल्या आत जिरून जायचं. मी तिच्या कानात भांडायचो. "ऊठ वं," म्हणायचो. "कापूस वेचाले कोन येईन? ऊठ, नाईतं मी साऱ्या गावाले अंडे खाऊ घालतो पाह्य."

मग हळूहळू तिची सूज उतरायला लागली. ताप गेला, लघवीला भरपूर होऊ लागलं, आणि साठलेलं पाणी निघून जाऊ लागलं. डॉक्टरीण बाई पहिल्यांदा हसल्या. आकडा दोनच्या वर सरकला होता. "सुधारतायत," म्हणाल्या. मी बाहेर येऊन रडलो आणि मग चहा प्यायलो.

पण सूज उतरल्यावर खाली काय निघालं? आत्या निघाली, खरी आत्या, आणि तिच्या अंगावर मांस म्हणून काही उरलेलंच नव्हतं. गालाची हाडं वर, मनगट काडीएवढं. नेमकं त्याच दिवशी गावाकडून काळीपिवळी जीप भरून लोक आले. काचेतून त्यांनी आत पाहिलं आणि एकच गलका उठला.

"अरे देवा, काय करून ठेवलं हे!"

"आनली तवा कशी भरली होती बाई! याईनं सुकवून टाकली!"

दादा तर लाल झाला. "उठव आत्याले," मला म्हणाला. "इथं नाई ठिवाची. आपन अकोल्याले नेऊ, नाईतं घरी नेऊ. घरी होती तवा गरगरीत होती. इथं येऊन खारीक झाली तिची!" आणि तो खरंच सही करून पेशंट घेऊन जायचं म्हणून काउंटरवर निघाला. त्याच्यामागं अख्खी काळीपिवळी.

ज्या दिवशी ती सुधारली त्याच दिवशी हे तिला मशीनवरून काढून घेऊन निघाले होते! आता मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी जिन्यातच त्यांना आडवा झालो आणि सगळा वर्ग शांत करायला लावतो तो आवाज लावला. "एकानंही पाय पुढं टाकला तर याद राखा!"

"अन् काही झालं तं?" दादा ओरडला. "तुह्या डोक्यावर येईन मंग!"

"येऊ दे माझ्या डोक्यावर!"

आवाज ऐकून डॉक्टरीण बाई बाहेर आल्या. त्यांनी पुस्तकी भाषेत समजावायचा एक प्रयत्न केला. कुणी ऐकेना. मग त्यांचाही पारा चढला आणि त्यांचं खामगाव बाहेर आलं. "अरे, सुजली होती ते! भरली नोती! समजून काऊन नाई राह्यलं तुम्हाले?"

जिना एकदम चिडीचूप झाला. डॉक्टर माणूस आपल्यासारखं बोलतो म्हटल्यावर जरा विश्वास बसला असावा. ती संधी साधून मी दादाचं मनगट पकडलं आणि त्याला आत नेलं. "पाया पड," म्हटलं. "अंगठा दाबून पड." तो गोंधळून वाकला, आत्याच्या पावलावर अंगठा दाबला, बराच वेळ दाबून ठेवला. काढला. खड्डा पडला नाही. त्यानं दुसऱ्या पायावर दाबून बघितलं. मग बाहेर जाऊन काळीपिवळीतल्या लोकांना म्हणाला, "पानी निंघालं सगयं. आता असलीवाली आत्या हाये." आणि मलाच वर सांगितलं, "मी तं तुले आंधीच म्हनत होतो."

त्यानंतर काही दिवसांनी नळी निघाली. आत्या वॉर्डात आली. आवाज घोगरा झाला होता, पण चालू होता, आणि मला तेवढं पुरेसं होतं. डॉक्टरीण बाईंनी मला दारात गाठून सांगितलं, "आता खरी परीक्षा. तोंडानं खायला हवं. अंडी, डाळ, दही. पडून पडून पाठीला जखम झालीय, ती प्रोटीनशिवाय भरणार नाही. छातीत अजून जोर नाही. यांनी खाल्लं नाही आणि परत मशीनवर गेल्या, तर दुसऱ्यांदा बाहेर काढीन असं मी म्हणू शकत नाही."

आणि आत्या खाईना. डाळ दिली की तोंड फिरवायची. दही म्हटलं की खोकायची. अंडं म्हटलं की डोळे मिटून घ्यायची. "अंगात ताप मुरला हाये," म्हणायची. "साबुदाना आन." माझ्या बायकोनं गोड बोलून पाहिलं, नर्सनं दम देऊन पाहिला. दादानं तिच्यासमोर बसून स्वतः तीन अंडी खाऊन दाखवली. त्याचा उपयोग फक्त दादाला झाला.

एका दुपारी मी एकटाच होतो. डब्यातून उकडलेलं अंडं काढलं, सोललं, तिच्या तोंडासमोर धरलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं. मग माझा सगळा धीर सुटला.

"काऊन नाई खात?" मी ओरडलो. आजूबाजूचे पेशंट बघायला लागले. "मराचं हाये काय? मले पुन्हा त्या काचेतून पाहाले लावतं काय?"

"मंग म्हन," ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "की मी जनमभर लोकाईले सांगतलं ते चुकलं होतं."

"हो, चुकलं होतं! साफ चुकलं होतं! खा आता!"

तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग हळूच म्हणाली, "तुह्या मामाजीले बी मी देल्लं नोतं."

मामाजी म्हणजे तिचा नवरा. ते गेले तेव्हा मी चौथीत की पाचवीत होतो. मला त्यांचा खोकला तेवढा आठवतो.

"मांगत होते ते," आत्या म्हणाली. "उकडलेलं अंडं दे म्हनत होते. मी म्हनलं ताप निंघू द्या, मंग देतो. पाय सुजले त्याहीचे, तोंड भरलं. मी सगळ्याईले सांगत फिरली, भरून आले, आता चांगले होतात म्हनून."

माझ्या हातात ते अंडं तसंच होतं. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. "त्याहीचा आजार येगळा होता आत्या. मी डॉक्टरीन बाईले इचारलं. त्या म्हने अंड्यानं काही झालं नसतं."

आत्यानं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी शाळा बुडवून आलो की पाहायची तसं.

"तुले खोटं बोलाले कोनं शिकवलं बे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. माझ्या हातातलं अंडं घेतलं, चावा घेतला, आणि कितीतरी वेळ चावत राहिली. गिळलं. पुन्हा चावा घेतला.

"मीठ नाई लावलं तुनं," म्हणाली. मग, तोंडात अर्धं अंडं असतानाच, "दुसरं सोल."